भिंतीलगतचें शौचपात्र : बसविणें व निगा

घर बांधतांना दिवाणखान्याचा रंग कोणता असावा यावर आपल्या घरांतून चार-चार दिवस चर्चा चालते. शौचकूपाचा विषय निघाला म्हणजे मात्र सुशिक्षित मंडळीहि संकोचानें गप्प बसतात आणि सर्व निर्णय मिस्त्रीच्या हातीं जातो. ज्या जागेवांचून घरांतील एकाहि माणसाचा एक दिवसहि निभत नाहीं, तिच्याविषयींची ही उदासीनता आम्हांस बरी वाटत नाहीं. म्हणून या महिन्यांत हाच विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

जुन्या वाड्यांत संडास परसाच्या टोकाला असे. दुर्गंधीमुळें व सोंवळ्याच्या कल्पनेमुळें तो दूर ठेवला जाई, आणि तो साफ करण्याचें काम समाजानें एका वर्गावर लादून स्वतः पाठ फिरविली होती. आज शौचकूप व देवघर यांच्यामध्यें पुष्कळदां एकच भिंत असते. हें शक्य झालें तें थोड्याशा पाण्यामुळें. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं वांकड्या नळीच्या शौचपात्राचें पेटंट घेतलें. त्या वांकांत सुमारें ५० मिलिमीटर उंचीचें पाणी सदैव उभें राहतें आणि गटारांतील वायु घरांत येऊं देत नाहीं. पुढील सर्व सुधारणा या पाण्याच्या पडद्यावर उभ्या आहेत.

भिंतीलगत बसणाऱ्या शौचपात्राचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत भांडें जमिनीवरच उभें असतें, परंतु त्याची पाठ भिंतीला टेकते व पाण्याची टाकी भिंतीआड दडते. दुसऱ्यांत भांडें जमिनीला मुळींच न टेकतां भिंतीवर टांगलेलें असतें. त्याचा भार भिंतींतील पोलादी चौकट वाहते. मागें कोनेकोपरे न राहिल्यामुळें झाडणें-पुसणें सोपें होतें, हा दोहोंचा समान गुण. टांगलेल्या भांड्याखालून तर सरळ फडकें फिरवितां येतें.

टांगलेलें भांडें पाहून वडीलधारी मंडळी साशंक होतात, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु युरोपीय प्रमाणानुसार अशा भांड्याची परीक्षा ४०० किलोग्रॅम भार ठेवून घेतात. धोका असतो तो भांड्यांत नव्हे, तर चौकट बसविण्यांत. साडेचार इंची विटांची भिंत खोदून तींत टाकी कोंबणें हा शुद्ध अविचार होय. चौकट पक्क्या जमिनीस व मजबूत भिंतीस बोल्टांनीं जखडावी आणि तिच्यापुढें दुसरी पातळ भिंत उभारावी. यांत खोलीची थोडी जागा जाते, पण मूळ भिंत शाबूत राहते.

काम सुरू होण्यापूर्वीं भांडें घरांत आणावें व त्यावरूनच मापें घ्यावीं. जमिनीवरील भांड्याची मैलानळी मागें भिंतींत जाते कीं खालीं जमिनींत, हें आधीं पाहावें. भिंतींत जात असल्यास तिचा मध्य जमिनीपासून बहुधा १८० मिलिमीटरच्या आसपास येतो. जमिनींत जात असल्यास भिंतीपासून नळीच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही मापें फरशी बसल्यानंतरचीं धरावयाचीं. उघड्या विटांपासून मोजल्यास फरशी व मसाला यांच्या जाडीइतकी चूक होते, आणि मग भांडें भिंतीस टेकतच नाहीं.

उंचीचा प्रश्न याहूनहि महत्त्वाचा आहे. टांगलेल्या भांड्याची उंची आपण ठरवूं तितकी ठेवितां येते, पण एकदां भिंत बंद झाली म्हणजे ती कायमची. सामान्यतः बैठक जमिनीपासून ४०० ते ४३० मिलिमीटर उंच ठेवितात. घरांत गुडघेदुखीनें त्रासलेलीं आजी-आजोबा असल्यास ४५० ते ४८० मिलिमीटर उंचीवरून उठणें त्यांस सोपें जातें; लहान मुलांस पायाखालीं पाट देतां येतो. तेव्हां उंची ठरवितांना ज्येष्ठांस खुर्चीवर बसवून प्रत्यक्ष पाहावें. हाताला धरावयाची दांडी आज नको असली तरी तिच्यासाठीं भिंतींत भक्कम आधार आतांच घालून ठेवावा. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा विचार झाला नाहीं. आजींचें खुब्याचें हाड मोडल्यावर नवी फरशी फोडावी लागली, आणि तोंवर प्रत्येक वेळीं सुनेला त्यांस उचलून उठवावें लागे. त्या माउलीला दुखण्यापेक्षां या परावलंबनाचाच त्रास अधिक झाला.

भिंत बंद करण्यापूर्वीं टाकी भरून दहा-वीस वेळां पाणी सोडावें व प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद धरून पाहावा. शेजारीं मोजपट्टी धरून उघड्या नळ्यांचें छायाचित्र काढावें. पुढें खिळा ठोकतांना तें उपयोगी पडेल. रबरी कड्यांस खोबरेल वा यंत्राचें तेल लावूं नये, तेलानें रबर फुगतें. साबणाचें पाणी पुरें. भांडें व भिंत यांमध्यें रबराचा पातळ पत्रा घालावा आणि नट हळूहळू, आलटून पालटून आवळावेत; जोर केल्यास चिनी माती तडकते. शेवटीं कडेनें सिलिकॉन भरतांना खालची बाजू मोकळी ठेवावी. आंत गळती झालीच तर पाणी तेथून बाहेर येऊन सूचना देईल.

“टाकी बिघडली तर भिंत फोडावी लागेल काय?” असा प्रश्न गृहिणी विचारतात. नीट काम झालें असल्यास फोडावी लागत नाहीं. भिंतीवर दिसणारी कळीची पट्टी अलगद निघते आणि तिच्यामागच्या खिडकींतून पाणी बंद करण्याचा कॉक, पाणी भरणारा व्हॉल्व्ह व सोडणारा व्हॉल्व्ह हे तिन्ही हातीं येतात. म्हणून ज्या मालाचे सुटे भाग आपल्या गांवीं मिळतात तोच घ्यावा, आणि या खिडकीपुढें कपाट बसवूं नये.

भांड्यांत पाण्याची बारीक धार वाहत राहते ही नेहमींची तक्रार. मिनिटाला पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी गेलें तरी दिवसाला २८८ लिटर फुकट जातें. टाकींत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्धा तास थांबावें; भांड्यांतील पाणी रंगलें तर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा वायसर खराब झाला असें समजावें. बोअरच्या जड पाण्यानें त्यावर क्षार जमतात. ते व्हिनेगारांत भिजवून निघतात. न निघाल्यास वायसर बदलावा. टाकी भरण्यास फार वेळ लागल्यास भरणाऱ्या व्हॉल्व्हची जाळी धुवावी. स्वच्छतेच्या गोळ्या टाकींत टाकूं नयेत, रबर खराब होतें. आणि अॅसिड व ब्लीचिंगचें द्रावण कदापि एकत्र करूं नये. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो आणि कोंडलेल्या खोलींत तो प्राणावर बेततो.

दोन कळींचा उपयोग घरांतील सर्वांस समजावून द्यावा. मोठ्या कळीस ६ व लहानीस ३ लिटर पाणी लागतें असें धरूं. दहा माणसांच्या घरीं प्रत्येकानें दिवसांतून पांच वेळां मोठीच कळ दाबली तर ३०० लिटर पाणी जाईल. पांचांपैकीं चार वेळां लहान कळ दाबली तर १८० लिटर पुरेल. दिवसाला १२० लिटरांची ही बचत उन्हाळ्यांत लहान नव्हे. घर फार दिवस बंद राहिल्यास वांकांतील पाणी आटून दुर्गंधी येते. परत आल्यावर प्रथम बादलीभर पाणी ओतावें.

हीं कामें घरांतील निदान दोघांस, त्यांत एका स्त्रीस, आलीं पाहिजेत. मैला वाहविण्याची प्रथा १९९३ व २०१३ सालच्या कायद्यांनीं निषिद्ध ठरली. परंतु “तें आपलें काम नव्हे” ही समजूत कायद्यानें जात नाहीं. कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें असा आग्रह धरला होता. त्या मानानें कळीची पट्टी काढून वायसर बदलणें किती लहान काम! येत्या रविवारीं मुलांस जवळ बसवून ती पट्टी एकदां उघडून पाहावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.