सोयरी नव्हे, स्वारे!

गेल्या महिन्यात एक निमंत्रणपत्रिका घरी आली. जाड, मऊ कागद आणि सोनेरी अक्षरं. कळंबोलीजवळच्याच एका हॉटेलात संध्याकाळी गाणी आणि कविता होत्या. मलाही चार कविता वाचायला बोलावलं होतं. वर ठळक इंग्रजीत एक शब्द छापलेला. मी तो ‘सोयरी’ असा वाचला. म्हटलं, वा! सोयऱ्यांना बोलावलंय. मुलगी हसत सुटली. म्हणाली, “अब्बा, सोयरी नाही, स्वारे. फ्रेंच शब्द आहे.”

बी.ए.ला आम्हाला काही फ्रेंच नव्हतं. म्हणून कोश काढून बसलो. फ्रेंचमध्ये ‘स्वार’ म्हणजे संध्याकाळ. घोड्यावरचा स्वार नव्हे! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उशिराचा’. ‘स्वारे’ म्हणजे ती अख्खी संध्याकाळ, दिवेलागणीपासून निजेपर्यंतची. पॅरिसमध्ये दुकानदारही गिऱ्हाइकाला निरोप देताना ‘बोन स्वारे’ म्हणतो, म्हणजे तुमची संध्याकाळ छान जावो. इतका हा साधा, रोजचा शब्द. त्या वेळी जमून केलेला कार्यक्रम, मेजवानी, हा त्याचा दुसरा अर्थ. इंग्रजांनी नेमका तोच उचलला आणि त्याला उंची पोशाख, अदब, निवडक पाहुणे चिकटले. आपल्यापर्यंत आला तो असा नटूनथटून.

या स्वारेची सख्खी बहीण मात्र आपल्याकडे केव्हाच नांदायला आली. ‘मातँ’ म्हणजे सकाळ, त्यावरून ‘मातिने’. तीच आपली मॅटिनी! सिनेमाच्या तिकीटखिडकीतून ती घराघरांत पोचली. तसाच ‘सालाँ’. म्हणजे पाहुण्यांना बसवायचा दिवाणखाना. १७व्या-१८व्या शतकांत पॅरिसच्या अशा दिवाणखान्यांत लेखक आणि विचारवंत जमत. तो शब्द इंग्रजीवाटे इकडे आला आणि केस कापायचं सलून झाला. गप्पा तिथेही रंगतात, आणि दार सगळ्यांना उघडं.

मग स्वारेलाच मराठीत जागा का मिळाली नाही? कारण ती जागा आधीच भरली होती. मैफल, जलसा, मुशायरा होतेच की! खरं तर हेही पाहुणेच, मूळचे अरबी. मैफलीच्या मुळाशी जमणं आहे, जलशाच्या मुळाशी बसणं. पण जलसा बसून राहिला नाही. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी कलावंतांनी तो गावोगाव नेला. ‘शाइर’चा आपण ‘शाहीर’ केला, आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे शाहीर अमर शेख म्हणून कामगारांपुढे उभे राहिले. परका शब्द आपला होतो तो असा. त्यानं चार माणसांना आत घेतलं पाहिजे.

हे सगळं सुचलं ते आमच्या शेजाऱ्यांमुळे. ते इथल्या लोखंड-पोलाद बाजारात माथाडी आहेत. माझी नवी कविता सर्वांत आधी तेच ऐकतात, बहुधा जिन्यातच. त्यांना पत्रिका दाखवली, चला म्हटलं. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “शायर, हे आपल्या कामाचं दिसत नाही. तुम्ही या जाऊन.”

पत्रिकेवर ‘प्रवेश विनामूल्य’ असं स्वच्छ मराठीत छापलेलं होतं. मज्जाव कुणालाच नव्हता. पण त्या एका शब्दानं दारावर उभ्या रखवालदाराचं काम चोख केलं.

मी गेलो. आयोजक भली माणसं होती, टाळ्याही मिळाल्या. त्यांच्या मनात कुणाला अडवायचं होतं असं मला वाटत नाही. शब्द शोभेचा म्हणून घेतला, इतकंच. पण माझा पहिला श्रोता तिथे नव्हता, हे कविता वाचताना सारखं जाणवत राहिलं.

पुढच्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही काही कवी जमणार आहोत. जिन्याजवळ लावायच्या फलकावर काय लिहू, असं मुलीनं विचारलं. म्हटलं, “माझीच चूक लिही. ‘सोयऱ्यांची संध्याकाळ’.”

शेजाऱ्यांनी तो वाचला. सतरंजी आपण आणतो म्हणालेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)