विद्यापीठांचीं वार्तापत्रें आणि ग्रंथसंग्राहक
(केळझर येथील एका अनुभवावरून)

१. विद्यापीठांतील प्राच्यविद्या, प्राचीन इतिहास, संस्कृत, पाली इत्यादि विभागांकडून वेळोवेळीं वार्तापत्रें प्रसिद्ध होत असतात. झालेल्या व्याख्यानांचा वृत्तांत, पुढें होणाऱ्या परिषदा व कार्यशाळा यांच्या तारखा, नव्या पाठ्यक्रमांची माहिती आणि संशोधकांनीं मागितलेलें साहाय्य असा चार प्रकारचा मजकूर त्यांत असतो. खेड्यापाड्यांतून जुनीं कागदपत्रें व पोथ्या जतन करणाऱ्या आम्हां लोकांचा सर्वसाधारण समज असा कीं, हा विद्यापीठाच्या आवारांतला कारभार; त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. हा समज चुकीचा आहे. वार्तापत्रांचें स्वरूप काय, तीं कशीं वाचावीं, आणि वेळेवर न वाचल्यास काय हानि होते, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. हानीचें उदाहरण आमच्याच हातून घडलेलें असल्यामुळें तें शोधण्यास दूर जाण्याचें कारण पडलें नाहीं.

२. प्रथम हें वार्तापत्र कोणत्या विभागाकडून यावयाचें तें पाहूं. सन १७८४ मध्यें कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन झाली, व सन १८७३ मध्यें पॅरिस येथें प्राच्यविद्यापंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बरोबर शंभर वर्षांनीं, सन १९७३ मध्यें, त्याच नगरांत त्या परिषदेनें 'प्राच्यविद्' हा शब्द आपल्या नांवांतून काढून टाकला. परदेशांतील विद्यापीठांतून हल्लीं बहुधा 'आशियाई अध्ययन' असें नांव आढळतें. आपल्याकडे असा एकच एक विभाग शोधूं गेल्यास निराशा होते; कारण तेंच कार्य अनेक विभागांत वांटलेलें आहे. नागपूर विद्यापीठ सन १९२३ मध्यें स्थापन झालें. आज तें राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृति व पुरातत्त्व यांचा विभाग निराळा, संस्कृताचा निराळा, पाली-प्राकृताचा निराळा. रामटेक येथें सन १९९७ मध्यें कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय निघालें. त्याच वर्षीं वर्धा येथें महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय अस्तित्वांत आलें. तेथें भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नांवानें बौद्ध अध्ययनाचें केंद्र आहे, आणि चिनी व जपानी भाषांचें अध्यापनही होतें. केळझर हें आमचें गांव सेलू तालुक्यांत, वर्धा-नागपूर रस्त्यावर आहे. वर्ध्यापासून सुमारें २६ किलोमीटर, आणि नागपूर त्याच्या दुपटीच्या अंतरावर. म्हणजे ह्या विद्यास्थानांच्या ऐन वाटेवर आम्ही बसलों आहों. तरीही त्यांची वार्ता आमच्यापर्यंत पोंचत नाहीं, किंवा पोंचली तरी आम्ही ती वाचीत नाहीं.

३. आतां ह्या वार्तेचा आमच्या गांवाशीं संबंध काय तें पाहूं. केळझरच्या सिद्धिविनायकाची गणना विदर्भांतील अष्टविनायकांत करितात. महाभारताच्या आदिपर्वांतील एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमानें बकासुर मारला तो येथेंच, अशी गांवाची दृढ श्रद्धा आहे. पण हाच मान जळगांव जिल्ह्यांतील एरंडोल गांवही आपल्याकडे घेतें. अशा वादांत तीन प्रश्न निरनिराळे ठेवावे लागतात. पहिला, ग्रंथाचा पाठ काय? दुसरा, स्थळाची प्राचीनता किती? तिसरा, त्या स्थळास तें नांव लोक केव्हांपासून लावीत आले? पहिल्या प्रश्नाचें काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें केलें. सन १९१९ मध्यें आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति सन १९६६ मध्यें पूर्ण झाली. तींत १,२५९ हस्तलिखितें तपासलीं गेलीं. आदिपर्वाचें संपादन विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं सन १९३३ पर्यंत तडीस नेलें. परंतु पाठनिश्चयानें स्थलनिश्चय होत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नास कुदळीवांचून उत्तर नाहीं. केळझर व वर्धा यांच्या दरम्यान असलेल्या पवनार येथें सन १९६७ मध्यें नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं उत्खनन केलें. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपुर म्हणजे पवनारच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत होतें. पुढें सन १९९८ पासून रामटेकजवळील मनसर येथें उत्खनन झालें, आणि प्रवरपुराचा शोध तिकडे घ्यावा असा पक्ष पुढें आला. सन २००२ मध्यें नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठांत वाकाटकांवरच परिषद भरली, व तिचे निबंध सन २००४ मध्यें ग्रंथरूपानें निघाले. अशा मतांतरांची पहिली वार्ता बहुधा परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेंत मिळते. पाठ्यपुस्तकांत ती शिरावयास पुष्कळ वर्षें लागतात. आमच्या पंचक्रोशीचा इतिहास ग्रोनिंगेन येथें चर्चिला जात असतां पंचक्रोशींत त्याची गंधवार्ताही नसावी, हें काहीं भूषणावह नाहीं.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र उत्खननांत सांपडत नाहीं, व चिकित्सित आवृत्तींतही सांपडत नाहीं. तें घरोघरच्या पोथ्यांच्या समाप्तिलेखांत असतें. लेखक आपलें नांव, शक, तिथि व पुष्कळदां गांवही लिहितो. तीनशें वर्षांपूर्वीच्या लेखकानें गांवाचें नांव काय लिहिलें, यावरून दंतकथेचें वय ठरूं शकतें.

४. येथेंच आमचा अपराध सांगितला पाहिजे. गांवांतील एका जुन्या घराच्या माळ्यावर पोथ्यांचें गाठोडें होतें. आमच्या नोकरीच्या आरंभींच्या काळांत, पितृपक्षांत त्या घरीं भोजनास गेलों असतां गृहस्वामींनीं तें खालीं उतरवून दाखविलें. त्यांतील एक पोथी लाल बासनांत, दोन लाकडी फळ्यांमध्यें बांधलेली होती. सुटीं पानें, ठळक देवनागरी अक्षर, अध्यायसमाप्ति गेरूनें रंगविलेली. चार पानें वाचतांच तें आदिपर्व आहे अशी खात्री पटली. शेवटच्या पानावर समाप्तिलेख होता. परंतु पान खालच्या पानास चिकटलें होतें, आणि आंत पानें वाढलीं होतीं. 'पुन्हा सवडीनें पाहूं' असें म्हणून आम्हीं बासन बांधिलें. ती सवड आम्हांस पंचवीस वर्षें झाली नाहीं.

पुढें सेवानिवृत्तीस थोडा अवधि राहिला असतां एका विद्यापीठीय विभागाचें वार्तापत्र आमच्या शाळेंत आलें. हस्तलिखितांच्या जतनाविषयीं तीन दिवसांची कार्यशाळा भरणार असून, पोथ्या घेऊन येणारांस त्यांचें छायाचित्रण विनामूल्य करून मिळेल, असा त्यांत मजकूर होता. पत्र टपालवहींत चढलें, परीक्षेच्या कागदांखालीं गेलें, आणि आम्हीं तें वाचलें तेव्हां कार्यशाळा होऊन दीड महिना लोटला होता. तरी त्याच सायंकाळीं आम्ही त्या घरीं गेलों. गृहस्वामी पूर्वींच निवर्तले होते, व जुनें घर पाडण्याचें काम चाललें होतें. वडिलांच्या पोथ्या रद्दींत जाऊं नयेत म्हणून मुलांनीं त्या पंधरा दिवसांपूर्वीं पूजा करून वाहत्या पाण्यांत सोडिल्या होत्या. फळ्या सागवानी, म्हणून तेवढ्या ठेविल्या होत्या. त्या त्यांनीं आम्हांस दिल्या.

ह्यांत मुलांस दोष देतां येत नाहीं. जीर्ण ग्रंथाचें विसर्जन करावें ही आपली जुनी रीत आहे, आणि त्यांनीं ती श्रद्धेनें पाळली. दोष ज्याला पोथी ओळखतां येत होती त्याचा. त्या समाप्तिलेखांत गांवाचें नांव होतें कीं नव्हतें, असल्यास केळझर होतें कीं एकचक्रा, ह्याचें उत्तर आतां त्या पोथीकडून कोणासही मिळावयाचें नाहीं.

५. नोंद झालेल्या ग्रंथाची गोष्ट निराळी. मध्यप्रांतांतील संस्कृत हस्तलिखितांची यादी कीलहॉर्न यांनीं सन १८७४ मध्यें, व मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी यादी रायबहादूर हिरालाल यांनीं सन १९२६ मध्यें नागपूर येथें प्रसिद्ध केली. यादींतील ग्रंथ आज नाहींसा झाला असला तरी तो होता एवढें तरी कळतें. नोंद न झालेला ग्रंथ गेला तर गेल्याचेंही कळत नाहीं. आणि खासगी घरांतील वस्तु केवढें काम करिते पहा. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचें सुप्रसिद्ध पुणें ताम्रपट एका तांबटाच्या घरीं होतें. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हें त्यावरून निश्चित झालें, आणि वाकाटकांच्या कालगणनेस गुप्तांचा आधार मिळाला. तें तांबें भांड्यासाठीं आटविलें गेलें असतें तर?

अलीकडे सरकारही ह्या कामीं पुढें आलें आहे. सन २००३ मध्यें राष्ट्रीय हस्तलिखित अभियान निघालें. सन २०२५ च्या अर्थसंकल्पांत 'ज्ञान भारतम्' अभियानाची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचा व जतनाचा संकल्प सोडला गेला, आणि त्यांत खासगी संग्राहकांचाही समावेश केला गेला. परंतु दिल्लींतील संकल्प खेड्यांतील माळ्यापर्यंत यावयाचा तो जवळच्या विद्यापीठाच्या मार्गेंच.

६. म्हणून वार्तापत्र हातीं आल्यावर संग्राहकांनीं पुढीलप्रमाणें वर्तावें अशी आमची सूचना आहे.

(अ) झालेल्या कार्यक्रमांचा वृत्तांत वाचतांना विषय व व्याख्याता टिपून ठेवावा. आपल्या संग्रहांतील वस्तु कोणास उपयोगी पडेल हें त्यावरूनच कळतें.

(आ) आगामी कार्यक्रमांतील 'कार्यशाळा' हा शब्द दिसतांच तारीख पंचांगावर मांडावी. व्याख्यान चुकलें तर तें पुढें छापील मिळूं शकतें. कार्यशाळा चुकली तर पोथीची पाळी जाते.

(इ) नवीन पाठ्यक्रमांत मोडी, ब्राह्मी किंवा हस्तलिखितशास्त्र असल्यास गांवांतील एखादा होतकरू विद्यार्थी तिकडे धाडावा. वाचणारा नसेल तर जतन केलेल्या पोथीचाही उपयोग नाहीं.

(ई) पोथी नेणें शक्य नसल्यास एक पत्र तरी पाठवावें. ग्रंथाचें नांव, पानांची संख्या, लांबी-रुंदी, लिपि, पहिली व शेवटची ओळ, आणि समाप्तिलेख अक्षरशः, चुकांसह, उतरून द्यावा. शुद्ध करून देण्याचा मोह संस्कृतज्ञांनीं विशेषेंकरून टाळावा.

(उ) छायाचित्र दिल्यानें स्वामित्व जात नाहीं. तथापि अटी प्रथमच लेखी ठरवून घ्याव्या. म्हणजे उभयपक्षीं मन निःशंक राहतें.

विभागांसही आमची एक विनंति आहे. वार्तापत्र केवळ महाविद्यालयांस न पाठवितां ग्रामपंचायत, वाचनालय व देवस्थान यांसही पाठवावें, सोप्या मराठींत लिहावें, आणि कार्यक्रमाच्या निदान एक महिना आधीं पोंचेल असें करावें. सन १९४६ मध्यें अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचें तेरावें अधिवेशन नागपुरास झालें, आणि सन २०२० मध्यें पन्नासावेंही तेथेंच, रामटेकच्या विश्वविद्यालयाच्या यजमानपणाखालीं झालें. अशा प्रसंगीं देशोदेशींचे पंडित आमच्या रस्त्यावरून जातात. त्यांतील एखादा गाडी थांबवून आमच्या गांवांत शिरावा, व त्यास दाखवावयास आमच्याजवळ कांहीं उरलेलें असावें, एवढीच इच्छा आहे.

७. असो. त्या दोन फळ्या आमच्या संग्रहीं आहेत. एकीच्या आंतल्या बाजूस शाईचे डाग आहेत; पानावरील ओलसर अक्षर लांकडास लागून राहिलें असावें. भिंगानें पाहिलें असतां एक-दोन दंड लागतात, अक्षर लागत नाहीं. ज्या वाचकांच्या माळ्यावर अद्यापि बासन बांधलेलें असेल त्यांनीं तें आजच सोडून शेवटचें पान उतरून घ्यावें, अशी त्यांस विनंति करून हा लेख पुरा करितों.