संपलेल्या कथेचा उत्तरभाग

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीचा दुसरा भाग फसला की त्याची कारणे बहुधा कलाकृतीच्या बाहेर शोधली जातात. दिग्दर्शकाची उमेद ओसरली, नटाचे वय झाले, प्रेक्षकांची अभिरुची पालटली, असे म्हटले जाते. या म्हणण्यात काही तथ्य असेलही. पण समीक्षेने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या कथेत पुढे चालू राहण्याजोगे काही शिल्लक होते काय, आणि असल्यास दुसऱ्या भागाने नेमके तेच उचलले काय? चेन्नईच्या चित्रपटसृष्टीतील 'इंडियन' (१९९६) व 'इंडियन २' (२०२४) या दोन चित्रपटांच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहता येईल. दोहोंचे दिग्दर्शक शंकर आणि नायक कमल हासन.

पहिला चित्रपट १९९६ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा चेन्नईचे अधिकृत नाव मद्रास असेच होते. ते त्याच वर्षी पुढे बदलले. भ्रष्टाचाराच्या प्रश्नावर गाजलेल्या निवडणुकीनंतर तमिळनाडूत सत्तांतर झाले, तेही त्याच महिन्यात. चित्रपटाचा नायक सेनापती हा आझाद हिंद फौजेतील जुना सैनिक. लाचखोर अधिकाऱ्यांचे तो एकामागून एक खून करतो, आणि तपास त्याच्या माग काढीत येतो. येथवर हा सरळसरळ थरारपट आहे. परंतु त्याची खरी उत्कंठा पोलिसांच्या पाठलागात नाही. सेनापतीची मुलगी कस्तुरी भाजते. डॉक्टरला लाच देण्यास बाप नकार देतो आणि मुलगी उपचाराविना मरते. बापाची ही तत्त्वनिष्ठा ज्याला जाचते, तो मुलगा चंद्रू शहरात वाहन-तपासनीस होतो आणि लाच घेऊन निकामी ब्रेकच्या बसला योग्यतेचा दाखला देतो. बसला अपघात होऊन शाळकरी मुले प्राणास मुकतात. आता सेनापतीपुढे दोनच मार्ग उरतात: मुलाला क्षमा करून आपले सारे खून खोटे ठरवावयाचे, किंवा मुलालाच मारावयाचे. तो मुलाला मारतो.

बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका कमल हासन यांनीच केल्या, ही केवळ नटाच्या कौशल्याची हौस नव्हती. एकाच चेहऱ्याने दुसऱ्या चेहऱ्याचा शेवट करावा, हे कथेच्या अर्थाशी जुळणारे होते. या अभिनयाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

शेवट म्हणजे ज्याच्यानंतर अपरिहार्यपणे काही घडावयाचे उरत नाही तो, अशी ॲरिस्टॉटलची व्याख्या आहे. या अर्थाने 'इंडियन' संपलेली कथा होती. अखेरीस सेनापती परदेशातून दूरध्वनी करून आपण जिवंत असल्याचे सूचित करतो हे खरे. पण त्यामुळे जिवंत राहते ती व्यक्ती. तिच्या अंतरीचा संघर्ष तेथे मिटलेला असतो.

आता 'इंडियन २' कडे वळू. त्याची निर्मिती रखडली होती. २०२० च्या फेब्रुवारीत चित्रीकरणस्थळी क्रेन कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. विवेक व नेदुमुडी वेणू हे दोन नट २०२१ मध्ये निवर्तले. चित्रपट अखेर २०२४ च्या जुलैत पडद्यावर आला आणि निराशेचा सूर असा उमटला की प्रदर्शनानंतर त्यातून सुमारे बारा मिनिटांचा भाग कापावा लागला. पहिल्या चित्रपटाचे संवाद लिहिणारे लेखक सुजाता २००८ मध्येच वारले होते. पण दुसऱ्याच्या संवादलेखकांत जयमोहन यांच्यासारखे थोर कादंबरीकार होते. तेव्हा दोष शब्दांच्या दारिद्र्याचा म्हणता येत नाही. कात्री लावून तो निघण्यासारखाही नव्हता, कारण तो रचनेत होता.

येथे मालिका आणि उत्तरभाग यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड दर पुस्तकात नवे साहस करतो आणि होता तसाच राहतो. वाचकाचा करारच तसा असतो. झुंजारने काही गमवावे अशी आपली अपेक्षा नसते. उत्तरभागाचा करार निराळा आहे. तेथे पहिल्या भागात घडलेल्या गोष्टींचे ओझे घेऊन नायकाला पुढे चालावे लागते. 'इंडियन २' ने नाव घेतले उत्तरभागाचे आणि नायकाला वागविले मालिकेतल्यासारखे. पोटच्या पोराला मारणारा बाप अठ्ठावीस वर्षांनी परततो, पण त्या कृत्याचा व्रण त्याच्या मनावर कोठेच दिसत नाही. नेताजींच्या सेनेत लढलेला हा पुरुष २०२४ मध्ये शंभरीच्या घरात असावयास हवा. तो एकचाकी वाहनावरून पाठलाग चुकवीत धावतो. वय आणि दुःख दोन्ही त्याच्यावरून पाण्यासारखी ओघळून जातात.

दुसरा भाग मुळातच अनावश्यक होता, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची खरी कथा त्याच्याच पोटात होती. भ्रष्टाचाराविरुद्ध चित्रफिती बनविणारे काही तरुण सेनापतीला साद घालून बोलावतात. तो त्यांना सांगतो, शुद्धीकरणाचा आरंभ आपल्या घरापासून करा. चित्रा अरविंदन् हा तरुण त्याप्रमाणे वागतो. त्याचा बाप भ्रष्टाचार-प्रतिबंधक खात्यातच नोकरीला. तोच लाचखोर निघतो, त्याला अटक होते आणि आई आत्महत्या करते. पहिल्या चित्रपटात बापाने मुलाला शिक्षा केली. येथे मुलगा बापाला धरून देतो. जो सिद्धान्त सेनापतीने स्वतःच्या रक्ताने सिद्ध केला, त्याची किंमत आता परक्या घराने मोजली. ती मोजावयास लावण्याचा अधिकार त्याला होता काय? हा प्रश्न पहिल्या चित्रपटाहूनही भेदक आहे. लोक सेनापतीवर उलटतात, तेव्हा क्षणभर वाटते की चित्रपट आता या प्रश्नाला भिडणार. पण पाठलाग सुरू होतो, आणि शेवटी तिसऱ्या भागाची झलक दाखवून प्रेक्षकाला घरी पाठविले जाते.

आपल्या परंपरेत याहून कठीण काम एका विदर्भपुत्राने करून ठेवले आहे. भवभूतीने 'महावीरचरिता'त रामाचा विजय दाखविला आणि 'उत्तररामचरिता'त त्याच रामाला दुःखात उभे केले. पहिल्याच अंकात राम आणि सीता गतायुष्याची चित्रे पाहतात. पूर्वकथेची ही आठवण केवळ उजळणी म्हणून येत नाही. तिच्या पाठोपाठ येणारा सीतात्याग तिच्यामुळेच अधिक दारुण होतो. पुढे वासंती रामाला तोंडावर दोष देते, आणि नाटककार नायकाला त्या दोषापासून वाचवीत नाही. नायकाच्या कीर्तीपेक्षा त्याच्या कृत्याचा जाब मोठा मानणे, हे भवभूतीचे धैर्य होय.

सेनापतीचे शस्त्र आहे तमिळ वर्मकला. शरीराच्या नेमक्या मर्मस्थळी आघात करावयाची ही विद्या. मराठीतील 'वर्म' हा शब्दही त्याच अर्थाचा आहे. दुसऱ्या चित्रपटात या कलेचे प्रकार पहिल्याहून अधिक आहेत. पण कथेच्या ज्या वर्मावर बोट ठेवावयाचे होते, ते स्वतः सेनापतीच्याच अंगावर होते. तेथवर दिग्दर्शकाचा हात गेला नाही.