टेस्टोस्टेरॉनची गोळी: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषाला तोंडाने घ्यायची गोळी सुचवली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘लिव्हर खराब होणार नाही ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्यालाच बहुतेकदा दुसरीही एक गोष्ट ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असे वाटत असते: चाळिशी उलटली, अंगात जोर राहिला नाही, पत्नीजवळ जावेसे वाटत नाही, म्हणजे हार्मोन कमी झाले, ते बाहेरून घेतले की माणूस पूर्वीसारखा होतो. पहिली समजूत एकेकाळी अगदी खरी होती, पण ती दुसऱ्याच औषधाबद्दल होती. दुसरी समजूत थोड्या पुरुषांबाबत खरी आहे आणि फार मोठ्या संख्येतल्या पुरुषांबाबत खोटी. या दोन्हींच्या गोंधळात गोळीचे खरे धोके कुणी विचारातच घेत नाही. जे घाबरतात ते यकृताला घाबरतात, आणि ज्यांना बाप व्हायचे आहे ते निर्धास्तपणे गोळी सुरू करतात.

यकृताची भीती आली कुठून, हे आधी पाहू. १९३५ साली ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले आणि त्याच वर्षी ब्युटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत शोधली. १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात या दोघांची नावे आहेत. पण नुसते टेस्टोस्टेरॉन गिळून काही साधत नाही, हे लवकरच कळले. आतड्यातून शोषलेले बहुतेक पदार्थ रक्तावाटे थेट यकृतात जातात आणि यकृत टेस्टोस्टेरॉनचा बहुतांश भाग पहिल्याच फेरीत मोडून टाकते. त्यावर रसायनतज्ज्ञांनी तोडगा काढला तो रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक मिथाइल गट जोडण्याचा. हे मिथाइलटेस्टोस्टेरॉन यकृताला सहज मोडता येईना, म्हणून ते तोंडाने चालले. किंमत यकृतानेच मोजली. पित्ताचा प्रवाह अडून होणारी कावीळ, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या, काही रुग्णांत गाठी, असे परिणाम या गटातल्या औषधांच्या नावावर नोंदले गेले. आज काही व्यायामशाळांत चोरून दिल्या जाणाऱ्या डायनाबॉल किंवा स्टॅनोझोलॉलसारख्या गोळ्या याच रासायनिक घराण्यातल्या आहेत. तेव्हा गोळीने यकृत बिघडल्याचे कुणी सांगत असेल तर ते खोटे नसेल; फक्त ती गोळी कोणती, हे विचारायला हवे.

आज टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेवर तोंडाने दिले जाणारे औषध म्हणजे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट. याची रचना वेगळ्या विचाराने केली आहे. इथे यकृताशी झुंजण्याऐवजी त्याला वळसा घातला आहे. मूळ रेणूला मेदाम्लाची लांब शेपटी जोडली की तो तेलात विरघळतो, आणि जेवणातल्या चरबीबरोबर आतड्याच्या लसिकावाहिन्यांत शिरतो. तिथून तो छातीतल्या मोठ्या लसिकानलिकेवाटे सरळ रक्ताभिसरणात पोचतो. यकृताची पहिली फेरी चुकते. रक्तात गेल्यावर शेपटी तुटते आणि उरते ते शरीराच्या ओळखीचे साधे टेस्टोस्टेरॉन. ही कल्पना नवीन नाही. ऑर्गनॉन या डच कंपनीची अँड्रिऑल नावाची कॅप्सूल १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक देशांत वापरात आहे. इतक्या वर्षांच्या वापरात मिथाइल गटातल्या औषधांसारखी यकृताची हानी या औषधाच्या नावावर जमा झालेली नाही. यकृताचा आधीपासून आजार असलेल्याने डॉक्टरांना तो सांगायलाच हवा, पण ‘तोंडाने म्हणजे लिव्हरवर’ हे समीकरण या औषधाला लागू पडत नाही.

याच रचनेतून या गोळीची सर्वात मोठी व्यावहारिक अडचण निघते, आणि तिच्याबद्दल रुग्णाला क्वचितच कुणी नीट सांगते. चरबी नसेल तर लसिकेचा रस्ता उघडतच नाही. उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर किंवा दोन फळांवर घेतलेली जुन्या पद्धतीची कॅप्सूल जवळजवळ वाया जाते. तिच्या अभ्यासांत जेवणात साधारण २० ग्रॅम स्निग्धांश असला तर शोषण समाधानकारक होते, असे दिसले. वरण-भात-तूप, पोळी-भाजी आणि वाटीभर दही अशा रोजच्या जेवणात एवढे सहज असते. तळण खायची गरज नाही. पण सोमवार-चतुर्थीचे उपवास करणाऱ्याने किंवा सकाळी न खाता कामावर जाणाऱ्याने ही गोष्ट आधीच डॉक्टरांशी बोलायला हवी. ‘गोळी घेऊनही काही फरक नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींचे औषध आतड्याच्या पुढे कधी गेलेलेच नसते. शरीर दिवसाला जेमतेम काही मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळालेल्या जॅटेन्झो या कॅप्सूलची सुरुवातीची मात्रा मात्र २३७ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा आहे. शेपटीचे वजन वजा केले तरी दिवसाच्या दोन मात्रांत मिळून जवळपास ३०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन येते. एवढे गिळावे लागते याचा अर्थ त्यातला फार थोडा हिस्सा रक्तापर्यंत पोचतो. म्हणून आकडा मोठा दिसला की औषध ‘जहाल’ असेल, हा समजही टिकत नाही.

जॅटेन्झोनंतर २०२२ मध्ये ट्लँडो आणि कायझाट्रेक्स यांना अमेरिकी औषध प्रशासनाने परवानगी दिली. तिन्हींत औषध तेच आहे, बदलले आहे ते तेलात मिसळण्याचे तंत्र, त्यामुळे शोषण अधिक भरवशाचे झाले. या तिन्हींच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीतला इशारा आहे, आणि तो यकृताबद्दल नसून रक्तदाबाबद्दल आहे. चोवीस तास मोजलेला वरचा रक्तदाब जॅटेन्झोच्या अभ्यासात सरासरी पाचेक मिलिमीटरने वाढला. कायझाट्रेक्सच्या अभ्यासात वाढ दोन मिलिमीटरच्या आत होती. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ही सरासरी आहे, म्हणजे कुणाचा तसूभरही वाढत नाही आणि कुणाचा याहून बराच वाढतो. शिवाय ज्या वयात हे औषध लिहिले जाते त्या वयात आपल्याकडे कितीतरी पुरुषांना आधीच मधुमेह असतो आणि रक्तदाबाची गोळी चालू असते. अशा माणसाने आधी रक्तदाब आटोक्यात आणावा आणि औषध सुरू झाल्यावर घरी मोजत राहावे. जेवढी दक्षता यकृताच्या चाचण्यांवर खर्च होते त्याच्या निम्मी जरी रक्तदाबावर खर्च झाली तरी पुष्कळ.

मग हृदयविकाराचे काय? या प्रश्नावर दहा-बारा वर्षे वाद झाला आणि अखेर २०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीचे उत्तर आले. ४५ ते ८० वयाच्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका जास्त असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची जेल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय जेल दिली गेली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के, दुसऱ्या गटात ७.३ टक्के, म्हणजे व्यवहारात सारखे निघाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाणही दोन्ही गटांत थोडे आणि सारखेच होते. टेस्टोस्टेरॉन दिले की कर्करोग होतोच, ही १९४० च्या दशकापासून चालत आलेली धास्ती त्यामुळे बरीच सैल झाली. पण याच चाचणीत हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा हे प्रकार औषधाच्या गटात जास्त आढळले. हाडे मजबूत होतील अशी अपेक्षा असताना अस्थिभंगही जास्त झाले: ३.५ टक्के विरुद्ध सुमारे २.५ टक्के. शिवाय ही चाचणी जेलची होती. गोळीने रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती लक्षात घेता जेलचा दिलासा गोळीवर जसाच्या तसा चिकटवणे घाईचे ठरेल. ‘हृदयाला सुरक्षित सिद्ध झाले’ असे सांगणारी जाहिरात अर्धेच सांगते.

आता सर्वात गंभीर गैरसमज. टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाचे हार्मोन, तेव्हा ते घेतले की वीर्य आणि शुक्राणूही सुधारतील, असे असंख्य लोक मानतात. मूल होत नाही म्हणून काळजीत असलेला तरुण नेमके हेच औषध मागतो. घडते उलट. वृषणांना काम करण्याचा आदेश मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून दोन हार्मोनांमार्फत मिळतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्यूटरीला ते पुरेसे वाटते आणि ती आदेश थांबवते. वृषणांच्या आत एरवी टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते आणि शुक्राणू तयार होण्यासाठी तीच लागते. आदेश थांबला की ही आतली पातळी कोसळते. रक्ताच्या तपासणीत आकडा उत्तम दिसत असताना शुक्राणू मात्र घटत जातात. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू उरलेच नाहीत. तिथे इंजेक्शन होते आणि गोळीने शुक्राणू किती घटतील ते मात्रेवर आणि माणसावर अवलंबून राहील, हे मान्य. पण यंत्रणा तीच आहे. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, मात्र त्याला महिने लागतात. मुळात निरोगी असलेल्या पुरुषांच्या एकत्रित आकडेवारीत सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश आणि वर्षभरात सुमारे नव्वद टक्के पूर्ववत झाले. ज्याचे शुक्राणू आधीच कमी आहेत त्याने या आकड्यांवर विसंबू नये. मूल हवे असलेल्या पुरुषासाठी पिट्यूटरीला चालना देणारे वेगळे उपचार आहेत. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मूल हवे आहे का, हे न विचारता टेस्टोस्टेरॉन लिहून देणे मला अक्षम्य वाटते.

यानंतर उरतो निदानाचा प्रश्न, कारण गरजच नसेल तर वरचे सगळे धोके फुकटचे. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वात जास्त असते, दुपारी उतरते, आजारपणात आणि झोप अपुरी झाल्यावर घटते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी, असे तज्ज्ञ संस्था सांगतात. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची सीमारेषा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. आकडा कमी आणि लक्षणेही तशी, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान होते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये संध्याकाळी काढलेल्या रक्ताच्या एका आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू करणे चूक आहे. युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला, त्यात लैंगिक लक्षणे आणि कमी पातळी या दोन्ही अटी पुऱ्या करणारे निघाले फक्त २.१ टक्के. थकवा आणि निरुत्साह त्याहून कितीतरी जास्त जणांना होता. त्यामागे थायरॉईड, रक्तक्षय, नैराश्य, झोपेतला श्वासरोध, मद्यपान असे काहीही असू शकते. लठ्ठपणात टेस्टोस्टेरॉन स्वतःच उतरते आणि वजन उतरल्यावर पुन्हा चढते. तिथे पोटाचा घेर कमी करणे हाच मूळ उपचार ठरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘आकड्यांचे सोडा, गोळीने माणसाला बरे वाटत असेल तर काय बिघडले?’ आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सगळ्यांची पातळी खरोखरच कमी होती. तरीही एक वर्ष जेल लावून फायदा दिसला तो मुख्यतः कामेच्छेत आणि लैंगिक क्रियेत, तोही मध्यम. उत्साह, तरतरी यांच्या मोजमापात निष्क्रिय जेलपेक्षा ठोस फरक पडला नाही. ज्यांची पातळी खरोखर कमी होती त्यांचा थकवाही जिथे हटला नाही, तिथे पातळी ठीक असलेल्याने तीच आशा धरण्याला काय आधार? आणि बरे वाटणे कायम ठेवायचे तर औषध चालूच ठेवावे लागते. ते सोडल्यावर स्वतःचे उत्पादन परत सुरू होईपर्यंतचे काही महिने आधीपेक्षा वाईट जातात.

उलट बाजूने कुणी म्हणेल, इतकी कटकट असेल तर गोळी हवीच कशाला? हवी, कारण काही पुरुषांना ती खरोखर हवी असते. जन्मतः जास्तीचे एक्स गुणसूत्र असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा तरुण, गालगुंडाच्या संसर्गात वृषणे गमावलेला, पिट्यूटरीच्या गाठीवर शस्त्रक्रिया झालेला, थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवून शरीरात लोह साचलेला, यांच्यात कमतरता खरी आणि बहुधा कायमची असते. उपचाराविना त्यांचे स्नायू, हाडे, रक्त आणि संसार सगळ्यालाच झळ लागते. त्यांच्यासाठी गोळीचे फायदेही खरे आहेत: सुई नाही, आणि जेल लावलेल्या कातडीचा स्पर्श होऊन लहान मुलांना हार्मोन लागण्याची भीती नाही. त्रास झाला तर बंद करताच परिणाम लवकर ओसरतो. लांब मुदतीचे इंजेक्शन एकदा टोचले की आठवडेच्या आठवडे शरीरात राहते.

म्हणून ज्यांना हे औषध सुचवले गेले आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. दुकानातून परस्पर घेऊ नका. सकाळच्या दोन तपासण्या झाल्या का, कमतरतेचे कारण शोधले का, हे विचारा. मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत बोला, संकोच करू नका. गोळी पोटभर जेवणाबरोबर घ्या, रक्तदाब मोजत राहा, हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) आणि प्रोस्टेटची तपासणी ठरलेल्या वेळी करा; हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते. आणि औषध सुरू झाल्यावर पातळी तपासायला जाताना सकाळची गोळी किती वाजता घेतली ते प्रयोगशाळेत लिहून द्या, कारण त्या वेळेशिवाय अहवालातल्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनाही लावता येत नाही.