बोलींचे ध्वनिलेखन आणि उघड्या पाठीचा हेडफोन

बोलीच्या अभ्यासकाचे पहिले साधन कान आणि दुसरे ध्वनिमुद्रण होय. या दोहोंच्या मध्ये हेडफोन असतो. परंतु त्याचा विचार सहसा सर्वांत शेवटी केला जातो. वस्तुतः ऐकलेला ध्वनी कोणत्या चिन्हाने नोंदवावा, या निर्णयात हेडफोनचाही वाटा असतो.

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरचे उदाहरण घेऊ. या जिल्ह्याच्या पश्चिमेस वऱ्हाड आणि पूर्वेस झाडीपट्टी आहे. प्रमाण मराठीतील 'डोळा' हा शब्द वऱ्हाडीत 'डोया' असा, तर झाडीबोलीत 'डोरा' असा उच्चारला जातो. तेव्हा अल्लीपूरच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडी या ठिकाणी 'ळ' येतो, 'य' येतो की 'र', हा प्रश्न बोलींच्या सीमारेषेचाच प्रश्न ठरतो. त्याचे उत्तर ज्या ध्वनीवर अवलंबून, तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही टिकत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने मुख्यत्वे स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत लेखी स्वरूपात मिळविलेले होते; त्यामुळे ते पुन्हा ऐकून तपासण्याची सोय नाही. आज ध्वनिमुद्रणामुळे ती सोय झाली आहे. मात्र पुन्हा ऐकणे म्हणजे अचूक ऐकणे नव्हे.

हेडफोन दोन प्रकारचे असतात. बंद पाठीच्या हेडफोनची वाटी मागून पूर्ण झाकलेली असते. उघड्या पाठीच्या हेडफोनला तेथे जाळी असते; पडद्याच्या मागील बाजूचा ध्वनी तिच्यातून बाहेर निघून जातो आणि बाहेरचा ध्वनी आत येतो. जर्मनीतील सेन्हायझर या कंपनीने 1968 साली 'एचडी 414' हा या जातीचा पहिला हेडफोन बाजारात आणला. पुढे ध्वनिमुद्रणगृहांत संमिश्रणाच्या कामासाठी हा प्रकार रूढ झाला.

ध्वनिलेखकाला याचा जो लाभ दीर्घ वापरानंतर कळतो, तो संगीताच्या श्रोत्याला सहसा जाणवत नाही. कठीण ध्वनी ओळखताना ध्वनिलेखक तो स्वतः उच्चारून पाहतो. कान झाकलेले असले, तर हाडांतून येणारा स्वतःचा आवाज, विशेषतः त्याचा खालच्या कंप्रतेचा भाग, कानातच कोंडून घुमतो. दोन्ही कानांत बोटे घालून बोलून पाहिल्यास याचा प्रत्यय कोणालाही येईल. अशा घुमणाऱ्या आवाजाची निवेदकाच्या आवाजाशी तुलना कशी व्हावी? उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये स्वतःचा 'डोया' आणि मुद्रणातील 'डोया' जवळजवळ समान परिस्थितीत ऐकू येतात. शिवाय कानाभोवती उष्णता कमी साचते. विदर्भाच्या उन्हाळ्यात सलग काही तास बसणाऱ्याला हा लाभ लहान वाटणार नाही.

तथापि हेच गुण अन्यत्र दोष ठरतात. गावात, निवेदकाच्या ओट्यावर, मुद्रण चालू असताना उघडा हेडफोन वापरू नये. त्यातून बाहेर पडणारा ध्वनी जवळच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. आणि ट्रॅक्टरचा आवाज मुद्रणात उतरला आहे की केवळ कानावर येत आहे, हे समजत नाही. तेथे बंद पाठीचाच हेडफोन योग्य. अभ्यासिकेतही पंख्याच्या घरघरीमुळे आवाज वाढविण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल पातळीचे श्रवण आठवड्यास 40 तासांपर्यंत सुरक्षित असते. पातळी वाढली की ही मर्यादा वेगाने घटते. आवाज वाढविण्यापेक्षा पंखा बंद करणे श्रेयस्कर.

काळाचा परिणाम तिसरा. घाम, केसांचे तेल आणि दाब यांमुळे कानावरील गाद्या वर्षा-दोन वर्षांत बसू लागतात. पडदा कानाच्या अधिक जवळ येतो आणि खालच्या व वरच्या कंप्रतांचा तोल ढळतो. 'स' आणि 'श', किंवा 'चार' आणि 'चमचा' यांतील दोन 'च', यांचा भेद बराचसा वरच्या कंप्रतांच्या घर्षणात असतो. हा बदल इतका सावकाश होतो की कान त्याला नकळत सरावतात. यास्तव एक ओळखीचे ध्वनिमुद्रण कसोटीसाठी राखून ठेवावे, नवी गादी बसविल्यावर ते पुन्हा ऐकावे आणि मधल्या काळातील संशयित नोंदी तपासाव्यात.

एक दोष मात्र कोणताही हेडफोन दूर करू शकत नाही. प्रमाण लेखनाला सरावलेला कान 'डोया' ऐकूनही 'डोळा' लिहितो. साधन ध्वनी कानापर्यंत पोहोचविते. पूर्वग्रह बाजूला सारण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे. म्हणून ध्वनिलेखनाच्या प्रत्येक पृष्ठावर निवेदकाचे गाव व वय यांबरोबरच श्रवणाचे साधन आणि दिनांक नोंदविण्याची प्रथा पडावी. अल्लीपूरच्या त्या एका ध्वनीविषयी उद्या वाद झाला, तर तो कोणत्या कानांनी आणि कशातून ऐकला गेला, हे तरी निश्चित असेल.