जेऊरचा पाऊस, पाषाणचा सर्व्हर

मृग कोरडा गेला की जेऊरला दुसरा विषय नसतो. पुढच्या आठवड्यात येतोय का? करमाळा तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे हा प्रश्न इथे दरवर्षी हमखास पडतो. उत्तर मोबाइलवर येतं, पण त्यामागचं बरंचसं गणित पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होतं. 

संस्थेतल्या ‘अर्क’ महासंगणकाचं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हाच आकडा मिरवला. सोबतच्या ३३ पेटाबाइट साठवणुकीकडे फारसं कुणी पाहिलं नाही आणि या दोघांना जोडणाऱ्या तारेकडे तर नाहीच. माझ्या मते खरी गंमत त्या तारेत आहे.

आधी त्या तारेतून जाणारा माल किती, ते पाहू. २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटींत हवामान वर्तवते. त्याआधीची चौकट १२ किलोमीटरची होती. म्हणजे पूर्वी १४४ चौरस किलोमीटरला एक आकडा मिळायचा, आता ३६ला मिळतो. सोयीसाठी साऱ्या पृथ्वीवर सरसकट ६ किलोमीटरची चौकट धरली, तर सुमारे १ कोटी ४० लाख चौकटी होतात. प्रत्येकीवर हवेचे ६४ थर धरा. झाले ९० कोटी बिंदू. दर बिंदूला ४ बाइट, म्हणजे नुसतं तापमान लिहायला साडेतीन गीगाबाइटच्या वर जागा लागली. वारा, दमटपणा, दाब वगैरे धरून दहा गोष्टी लिहायच्या तर ३६ गीगाबाइट, आणि तेही एका क्षणाच्या हवामानाचे. दहा दिवसांचा अंदाज दर तीन तासांनी नोंदवायचा म्हटला की असे ८० क्षण.

१० गीगाबिटची इथरनेट लावली, तर एक क्षण लिहायला कागदावर २९ सेकंद लागतात. ऐंशी क्षणांना चाळीस मिनिटांच्या जवळपास. तेवढा वेळ कोट्यवधींचे प्रोसेसर हात बांधून उभे. तेच काम २०० गीगाबिटच्या ‘इन्फिनीबँड’ नावाच्या तारेवर दोन मिनिटांत उरकतं.

पण नुसती जाड तार घालून भागत नाही. नेहमीच्या नेटवर्कमध्ये माहिती आधी नेटवर्क कार्डावर उतरते, तिथून ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जाते, मग पुन्हा प्रोग्रॅमच्या मेमरीत. प्रत्येक टप्प्याला नक्कल आणि प्रत्येक नकलेला प्रोसेसरचा वेळ. उजनीच्या काठच्या केळी बागायतदाराला हे सांगायला नको: घड जितक्या वेळा उतरवून चढवाल तितकी मजुरी वाढते नि माल डागाळतो. बागेतून थेट कंटेनरमध्ये गेला तर उत्तम. इन्फिनीबँडमधलं ‘आरडीएमए’ हे तंत्र असा थेट भरणा करतं. एका यंत्राचं कार्ड दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत परस्पर लिहितं, मधल्या नकला गळतात आणि प्रोसेसर आपल्या गणितात राहतो.

आता प्रत्यक्ष जोडणी. सर्व्हरच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत कार्ड बसवायचं, आणि पहिली फसगत इथेच होते. २०० गीगाबिटला सेकंदाला २५ गीगाबाइट वाहून नेणारी खाच लागते. चौथ्या पिढीची सोळा मार्गिकांची खाच ते पेलते. तिसऱ्या पिढीची तितकीच लांब खाच जेमतेम १६ गीगाबाइटवर थांबते. कार्ड दोन्हीकडे चपखल बसतं, दिवाही लागतो, कुठे काही बिघडल्याचं दिसत नाही. वेग मात्र पाऊणपटीच्याही आतच राहतो.

तार कोणती, हे अंतरावर ठरतं. रॅकमधल्या रॅकमध्ये, दोन-तीन मीटरपर्यंत, तांब्याची तार स्वस्त आणि भरवशाची. त्यापुढे फायबर. फायबरचं टोक लावण्याआधी दर वेळी पुसायचं; एकमार्गी फायबरचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा असतो, केसाहून कितीतरी बारीक, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही प्रकाश अडवतो.

मग स्विच. इन्फिनीबँडचं एक वेगळेपण इथे कळतं. इथरनेटमध्ये तार खोचली की बोलणं सुरू होतं. इथे ‘सबनेट मॅनेजर’ नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक पोर्टला पत्ता देतो आणि वाटा आखतो. तो चालू नसेल तर पोर्ट ‘इनिशियलायझिंग’वर अडकून बसतं आणि नवखा माणूस उगाच तारा बदलत राहतो. पोर्ट ‘ॲक्टिव्ह’ झालं तरी ‘आयबीस्टॅट’ ही आज्ञा चालवून ‘रेट’ची ओळ वाचायचीच. तार आत चार मार्गिकांची असते. कनेक्टर नीट बसला नसेल तर कधी कधी एकाच मार्गिकेवर जोडणी होते, आणि २००च्या जागी ५० दिसतात. लिंक अप आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात.

तारेच्या पलीकडच्या टोकाला, साठवणीत, काय असतं? एक फिरती डिस्क सेकंदाला दोनशे-अडीचशे मेगाबाइट लिहिते. २५ गीगाबाइटचा लोंढा झेलायला शंभरावर डिस्का एकदम लिहित्या हव्यात. सन कंपनीने १९८४ साली आणलेल्या एनएफएसमध्ये सगळी ये-जा सहसा एकाच सर्व्हरमधून होते, म्हणून ते इथे अपुरं पडतं. महासंगणकांवर लस्टरसारखी समांतर फाइल सिस्टिम वापरतात. ती मोठी फाइल मेगाबाइट-दोन मेगाबाइटच्या तुकड्यांत कापून अनेक साठवण सर्व्हरांवर एकाच वेळी पसरते. कोणता तुकडा कुठे गेला याची वही वेगळा सर्व्हर सांभाळतो. गणित करणारं यंत्र फक्त पत्ता त्याला विचारतं. माल थेट साठवण सर्व्हरांकडून उचलतं.

ही सगळी साठवण प्रोसेसरच्या शेजारच्याच दालनात का, असं विचाराल. समजा ती जेऊरला ठेवली. रेल्वेने पुण्याहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. ऐकायला नगण्य, पण चांगल्या फ्लॅश डिस्कवरचं एक वाचन एक दशांश मिलिसेकंदात होतं. पंधरापट वेळ नुसता वाटेत जाईल, आणि महागातली महाग तारही तो कमी करू शकत नाही. म्हणून सुरक्षेसाठी दूरच्या गावी दुसरी प्रत ठेवायची असली, तरी ती मागाहून पाठवतात. तिच्यासाठी गणित खोळंबून ठेवत नाहीत.

एवढं सगळं नीट जुळूनही यंत्र रखडवण्याचा एक हुकमी मार्ग शिल्लक असतो: लाखो चिमुकल्या फायली. प्रत्येक पर्जन्यमापकाची रोजची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तर दर फाइल उघडताना त्या वहीवाल्या सर्व्हरकडे जावं लागतं. शंभर डिस्का मोकळ्या आणि रांग एकाच खिडकीवर. त्यामुळे हवामानाची मंडळी अशा नोंदी नेटसीडीएफ स्वरूपाच्या थोड्या, मोठ्या फायलींमध्ये बांधून ठेवतात.