सुईला पुन्हा हात लावताना

लग्नानंतर सुई सुटली, मुलं मोठी झाली, आता शिवणातून चार पैसे मिळवायचेत? संभाजीनगरातल्या अनेक घरांत हीच गोष्ट. लगेच मोठी गोधडी घेऊ नका, आधी बाळाचं दुपटं शिवा. जुनी सुती साडी, अम्मीची ओढणी चालेल. धुऊन धुऊन ते कापड आटलेलं असतं. शहागंजातून नवंकोरं आणून तसंच आत घातलं, तर पहिल्याच धुण्यात सुरकुत्या पडतात.

थर जमिनीवर नीट पसरून मधून कडेकडे कच्चे टाके घाला. घाई इथेच नडते. थर सरकला की सगळं उसवा! मग कडेने धावदोरा घालत, फेऱ्या घेत मध्याकडे या. पहिल्या फेऱ्या वाकड्या येतील, येऊ द्या. टाके सारखे पडू लागले की गिऱ्हाइकाचं काम घ्या.